विश्लेषण : गाळ धरणात, पेच उपसागरात, कम्प्युटर मॉडेलचे गणित कुठे चुकले?

अमेरिकेतील चेसापीक उपसागर वाचवण्यासाठी कोणत्या राज्याने किती प्रदूषण घटवायचे, हे कम्प्युटर मॉडेलच्या आकड्यांवर ठरते. त्यातले एक गृहीतक मात्र महागात पडले.

मॉडेल कशासाठी?

खत आणि सांडपाण्यातील नायट्रोजन, फॉस्फरस नद्यांतून उपसागरात येतात. त्यावर शेवाळ फोफावते. ते मरून कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि खेकडे, कालवे, मासे गुदमरतात. कोणत्या खोऱ्यातून किती नायट्रोजन येतो, तो घटवला तर पाणी किती सुधारेल, हे मॉडेल मांडते. त्याच आधारे २०१० मध्ये सहा राज्ये आणि वॉशिंग्टन डीसीला मर्यादा घालून देण्यात आल्या. मुदत होती २०२५.

मग बिनसले कुठे?

उपसागरातले जवळपास निम्मे गोडे पाणी सस्क्वेहाना नदीचे. तिच्यावरचे १९२८ मधील कोनोविंगो धरण २०२५ पर्यंत गाळ अडवत राहील, असे धरून चालले होते. ते आधीच जवळपास भरले! आता नवा गाळ फारसा थांबत नाही. मोठ्या पुरात तर जुनाही खरवडून खाली जातो.

मॉडेल सुधारल्यावर हिशेब निघाला : वर्षाला सुमारे ६० लाख पौंड, म्हणजे साधारण २७ लाख किलो जादा नायट्रोजन घटवावा लागेल. मॉडेल नसते तर हा आकडाही कळला नसता. पण तो कोणाच्या माथी मारायचा, हे मॉडेल सांगत नाही. वरच्या खोऱ्यातले शेतकरी, राज्य सरकारे की धरणावर वीज विकणारी कंपनी? वर्षानुवर्षे वाद पेटला तो यावरच.