हे ठरले कधी?

घरून निघताना आपण ‘येतो’ म्हणतो. फोनवर ‘आलोच’ म्हणणारा माणूस अजून जागचा हललेलाही नसतो. एकात रूप वर्तमानकाळाचे, दुसऱ्यात भूतकाळाचे. गोष्ट मात्र दोन्हींत पुढची. क्रियापदाचे रूप आणि घड्याळातली वेळ एकच नसते, हे मराठी मूल शाळेत येण्याआधीच शिकलेले असते. इंग्रजीच्या तासाला आपण फळ्यावर बारा काळांचा तक्ता काढतो आणि त्याला ते विसरायला लावतो.

मराठीत ‘जाईन, जाशील, जाईल’ अशी रूपे प्रत्ययांनी होतात. इंग्रजी क्रियापदाला भविष्यकाळाचा प्रत्ययच नाही. ते उसनवारीवर भागवते. ‘विल’चा मूळ अर्थ इच्छा, ‘शॅल’चा देणे किंवा बांधिलकी. प्रथमपुरुषी ‘शॅल’, इतरत्र ‘विल’ हा नियम जॉन वॉलिस यांनी १६५३ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात मांडला. आज ‘आय विल’ सर्रास चालते. ‘शॅल’ उरला तो मुख्यतः ‘शॅल आय ओपन द विंडो?’ अशा विचारण्यात आणि कायद्याच्या भाषेत. आपल्या वर्गात मात्र तो नियम अजून घोकला जातो.

त्यापेक्षा मुलांना एकच प्रश्न विचारायला शिकवू या: हे ठरले कधी? बेल वाजली आणि तिथल्या तिथे ठरले, तर ‘आय विल ओपन द डोअर’. इथे मराठी ‘मी उघडतो’ म्हणते, म्हणून मुले ‘आय ओपन’ लिहितात. चूक निष्काळजीपणाची नव्हे, मातृभाषेची आहे. आधीच मनाशी ठरले असेल, तर ‘शिकणार आहे’ला ‘गोइंग टू’. मामाशी बोलून दिवस पक्का झाला असेल, तर ‘उद्या मामाकडे जातोय’ आणि ‘आय ॲम गोइंग’ हे जवळजवळ जुळे. आणि एसटी साडेसहाला ‘सुटते’, तशी इंग्रजीतही ती ‘लीव्ज’. वेळापत्रक आपल्यासाठी कुणीतरी आधीच ठरवलेले असते. पावसाचे तेवढे कुणी ठरवत नाही. तिथे भरून आलेले आभाळ पुरते: ‘पडणार’, म्हणजे ‘गोइंग टू रेन’.

‘व्हेन ही विल कम’ ही आणखी एक नेहमीची चूक. ती ‘तो येईल तेव्हा’मधून येते. त्याच मुलाला ‘तो आला की सांगेन’ म्हणायला लावा. पहिल्या भागात भविष्यकाळ नाही, हे त्यालाच दिसेल. मग ‘व्हेन ही कम्स’ सांगणे सोपे जाते.

‘भविष्यकाळ करा’ हा प्रश्न परीक्षेत येतो, हे आम्हालाही ठाऊक आहे. त्यासाठी तक्ता जरूर द्या, पण शेवटी. या महिन्यात एक तासिका अशी घ्या: ‘उद्या काय?’ एवढेच विचारा, मुलांची मराठी उत्तरे जशीच्या तशी फळ्यावर लिहा, आणि मगच खडू इंग्रजीकडे वळवा.