जनीचा अभंग नाम्याच्या नावावर?

लिनक्सच्या लॅबमध्ये ही कमांड आपण सगळ्यांनी कधी ना कधी मारलेली आहे. मोठ्या फाईलमधून एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंतच्या ओळी तेवढ्या काढायच्या:

सेड -एन '/सुरुवात/,/शेवट/पी' फाईल

'-एन' म्हणजे सांगितल्याशिवाय काही छापू नकोस, 'पी' म्हणजे आता छाप. सेड हे बेल लॅब्समध्ये ली मॅकमॅहन यांनी १९७३-७४ च्या सुमारास लिहिलं. १९७७ मध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निघन यांचं ऑक आलं. नाव त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांचं. व्हायव्हात एवढं सांगितलं की काम भागतं. पण ही कमांड खरी कळायला संतांची गाथा जास्त उपयोगी पडते, असं माझं स्पष्ट मत आहे!

आपल्या हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. जन्म १२७० चा. अभंगाच्या शेवटी कवीचं नाव येतं, त्याला नाममुद्रा म्हणतात. नामदेवांची 'नामा म्हणे', चोखोबांची 'चोखा म्हणे', जनाबाईंची 'जनी म्हणे'. म्हणजे शेवटाची खूण आपल्या संतांनी सातशे वर्षांपूर्वीच घालून ठेवली आहे.

आता समजा, सगळ्या संतांचे अभंग एकाच फाईलमध्ये आहेत. प्रत्येकाच्या वर 'अभंग' आणि आकडा. आपल्याला फक्त नामदेवांचे हवेत. कुणीही पटकन लिहील: सुरुवात 'अभंग', शेवट 'नामा म्हणे'. एंटर! स्क्रीनवर ओळी धडाधड येतात आणि वाटतं, झालं काम.

पण झालेलं नसतं. जनाबाईंचा अभंग पण 'अभंग' या ओळीनेच सुरू होतो. सेड तिथे छापायला लागतं आणि 'नामा म्हणे' भेटेपर्यंत थांबत नाही. 'जनी म्हणे' त्याच्यासाठी एक साधी ओळ. पुढे नामदेवांचा अभंग येऊन संपला की मग ते थांबणार. पुढे तो आलाच नाही तर थेट फाईलच्या शेवटापर्यंत छापत जाणार. एरर काही येत नाही. गंगाखेडच्या, म्हणजे आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या जनाबाईंचा अभंग मात्र गुपचूप नामदेवांच्या खात्यात जमा!

उपाय अवघड नाही. ऑकला सांगायचं, 'अभंग' दिसला की पिशवी रिकामी कर, पुढची प्रत्येक ओळ पिशवीत टाक, आणि 'नामा म्हणे' आलं तरच पिशवी छाप. जनाबाईंच्या अभंगात ती खूण येत नाही, मग पुढच्या 'अभंग'ला पिशवी आपोआप रिकामी होते. खूण नुसती 'नाम' ठेवून चालणार नाही. संतांच्या रचनेत देवाचं नाम पानोपानी आहे. आणि 'विष्णुदास नामा' ही मुद्रा दिसली तर ते अभंग वेगळ्या फाईलमध्ये ठेवायचे, कारण त्या नावाचा नंतरच्या काळातला वेगळा कवी अभ्यासक मानतात. तो निर्णय कमांडने करायचा नाही.

मी कॉन्व्हेंटची मुलगी. नाममुद्रा हा शब्द माझ्या कोणत्याच टेक्स्टबुकात नव्हता. पण म्हणूनच सांगते, "मराठी आर्ट्सवाल्यांचं काम" हे आपल्यातलं आवडतं वाक्य मला पटत नाही. कीबोर्ड आपल्या हातात आहे. खुणा ओळखणारा माणूस आणि कमांड लिहिणारा माणूस एकमेकांशी बोलले नाहीत तर नुकसान आधी जनीचं आणि चोख्याचं होणार. ज्यांना त्यांच्या काळात कुणी विचारलं नाही, त्यांचं नाव आज आपल्या आळसाने पुसलं जाणं बरं नव्हे.

आणखी एक. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केलेल्या फाईलीत 'नामा म्हणे' शोधून सापडत नाही, कारण आतमध्ये इंग्रजी चिन्हंच असतात. स्कॅन केलेलं पान तर नुसता फोटो. युनिकोडमध्ये नीट टाईप केलेला मजकूर असेल तरच सेड-ऑकचा उपयोग.

तेव्हा माझी सूचना अशी: आपल्या मराठी मंडळाने आणि कॉम्प्युटरच्या मुलामुलींनी मिळून या वर्षी एकाच संताचे अभंग युनिकोडमध्ये टाईप करावेत. प्रत्येकाचा आकडा वेगळ्या ओळीवर, नाममुद्रा वेगळ्या ओळीवर. सुरुवात जनाबाईंपासून करूया. कोण कोण येतंय?