गडाच्या वाटेवरून माघार
समर्थ रामदासांचा १६०८ साली जेथे जन्म झाला, त्या जांबच्या सपाट मुलखातून शिवथरघळ व रायगडाच्या दर्शनास निघणाऱ्या मंडळींना सह्याद्रीतील आषाढाचा पाऊस किती अकस्मात रौद्र रूप धारण करतो, याची कल्पना सहसा नसते. जुलै २०२४ मध्ये अतिवृष्टीने रायगडाच्या पायऱ्यांवरून पाण्याचे लोट वाहू लागले, पर्यटक वाटेत अडकले आणि प्रशासनाने गड बंद केला; दर्शन हुकल्याची हळहळ मी समजू शकतो, परंतु तो हुकूम सर्वथा उचित होता, असे माझे निःसंदिग्ध मत आहे. कड्यांवरचे पाणी पायऱ्यांच्या चिंचोळ्या वाटेत एकवटते, हे ध्यानी घेऊन माघारीची वेळ म्होरक्याने चढणीपूर्वीच मुक्रर करावी, आणि वयोवृद्धांच्या चालीवरच साऱ्या जथ्याची मजल ठरवावी.