पोस्टरखाली सही कोणाची?

जुन्या सिनेमाच्या शौकिनांविषयी माझी तक्रार आहे. ती सिनेमाला नाके मुरडणाऱ्या कोणा सोवळ्या गृहस्थाची नव्हे. बदलापूरच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात गाण्यांची पुस्तके, शोकार्डे आणि घड्यांवर विरलेली पोस्टरे यांनी कपाट अडवले, म्हणून ज्याच्या घरचे कपडे गेली कित्येक वर्षे दोरीवरच राहतात, अशा माणसाची ती तक्रार आहे. तेव्हा शौकीन मंडळींनी ती घरच्याच माणसाची समजावी आणि हवे तर घरच्यासारखेच भांडावे.

तक्रार अशी की, आमचे प्रेम चेहऱ्यापाशी येऊन थांबते. संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये कल्याणच्या पुढे जरा बसायला जागा झाली की एखादा तरी जाणकार भेटतोच. त्याला साधनेविषयी विचारावे. फाळणीनंतर कराचीहून आलेल्या सिंधी घरातली ही मुलगी. 1958 सालच्या 'अबाणा' या सिंधी चित्रपटात ती शीला रमाणीच्या धाकट्या बहिणीच्या भूमिकेत प्रथम चमकली. 1960 साली 'लव्ह इन शिमला' आला आणि तिच्या कपाळावरच्या केसांनी देशातल्या न्हाव्यांना नवा धंदा दिला. हे सारे तो विठ्ठलवाडी यायच्या आत सांगून टाकील. उल्हासनगरचा असला तर सांगताना त्याची मान थोडी ताठही होईल, आणि ती व्हावीच. मग त्याला विचारावे, 'वह कौन थी'चे पोस्टर कोणी रंगवले हो? गृहस्थ खिडकीबाहेर पाहू लागतो. जे पोस्टर पाहून त्याच्या वडिलांनी तिकिटाच्या रांगेत धक्के खाल्ले, जे पोस्टर आज त्याच्या दिवाणखान्यात काचेच्या चौकटीत आहे, ते जणू पावसाळ्यात शेवाळ उगवावे तसे भिंतीवर आपोआप उगवले होते!

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. 'अहो, ती काय चित्रकला होती? ती जाहिरात. भडक रंग, सुजलेले गाल, निळा खलनायक.' असे म्हणणारे गृहस्थ बहुधा युरोपातल्या कोणा फ्रेंच चित्रकाराच्या नाटकांच्या जाहिराती मात्र भिंतीवर लावून असतात. ते असो. आपल्या सिनेमाचा जन्म कोणाच्या हातून झाला, एवढे त्यांनी पाहावे. दादासाहेब फाळके 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' घेऊन आले, ते त्यापूर्वी रविवर्म्याच्या छापखान्यात काम करून. कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत रंगवत कॅमेऱ्याकडे वळले. लोकांनी त्यांचे आडनावच पुसून 'पेंटर' करून टाकले. 'सैरंध्री' (1920) काढणाऱ्या माणसाला ब्रश ठेवून द्यावा असे वाटले नाही, त्याने आपल्या चित्रपटांची पोस्टरेही स्वतःच रंगवली. 'प्रभात'चे दामले आणि फत्तेलाल हे बाबूरावांच्याच हाताखाली तयार झालेले, आणि फत्तेलाल तर हाडाचे चित्रकार. ज्या 'संत तुकारामा'ला 1937 साली व्हेनिसने मान दिला, त्याच्यामागे रंगाचे हात होते. म्हणजे आपल्याकडे चित्रकार सिनेमाच्या दाराशी पोट भरायला आलेला उपरा नाही. घर त्याने बांधले, आणि मागाहून आलेल्यांनी त्याला ओसरीवर बसवले.

आमच्या भागातल्या लोकांनी एक गोष्ट तर पाठ करून ठेवावी. आज हाती उरलेल्या भारतीय चित्रपटांच्या पोस्टरांत सर्वांत जुने म्हणून ज्याचा उल्लेख होतो, ते बाबूरावांच्या 'कल्याण खजिना'चे, 1924 सालचे. कल्याणचा खजिना! उल्हासनगरहून दुसरे स्टेशन. पण कल्याणच्या पुलावर रोज खांद्याला खांदा घासणाऱ्या माणसांपैकी ही गोष्ट ठाऊक असलेली किती निघतील? उलट 2015 साली 'बदलापूर' नावाचा हिंदी चित्रपट आला तेव्हा आमच्या गावाचे नाव 'बदला' शब्दावरून पडले असे साऱ्या देशाने मानून घेतले, आणि घोडे बदलण्याची जागा म्हणून बदलापूर ही आजीने सांगितलेली गोष्ट आम्हीही निमूट गिळली. पोस्टरचा प्रभाव म्हणतात तो हा.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. पेंटरने केले काय, तर समोर ठेवलेल्या छायाचित्राची नक्कल. चौकटी आखल्या आणि मोठे करून उतरवले. यात निर्मिती कोठे आली? माझे म्हणणे, ते छायाचित्र कसे होते ते आधी पाहा. काळे-पांढरे. मधुबालेच्या ओठांचा रंग, नर्गिसच्या साडीचा काठ, प्राणच्या डोळ्यांतली लाली हे प्रेक्षकाने प्रथम पडद्यावर पाहिले नाही. ते पाहिले रस्त्यावर, बॅनरवर. ज्या काळी सिनेमा रंगीत नव्हता, त्या काळी तो रंगीत करण्याचे काम पेंटरने केले. आणि पुष्कळदा तर चित्रपट पाहायला मिळण्याच्या आधी, चार फोटो आणि गोष्टीचा सांगोवांगी सारांश एवढ्यावर. कोणत्या चेहऱ्याला निळी छटा द्यायची, कोणाला आगीच्या उजेडात उभे करायचे, नायिकेचा अश्रू वीस फुटांवरून दिसेल असा किती ठळक करायचा, हे त्याला कोणी सांगत नसे. याला नक्कल म्हणायचे असेल तर ख्यालालाही रागाची नक्कल म्हणावे लागेल.

येथे जी. कांबळे यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. हेही कोल्हापूरचेच. 'मुगल-ए-आझम' 1960 साली मराठा मंदिरात लागला तेव्हाचे भव्य रंगकाम त्यांचे. त्यासाठी बाजारातले उंची विलायती रंग झाडून सारे खरेदी केले गेले, अशी त्या कामाची आख्यायिका आजही सांगितली जाते. तो चित्रपट बहुतेक काळापांढरा. रंगीत भाग थोडाच. 2004 साली यंत्राच्या साहाय्याने तो सबंध रंगीत करून पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा काय कौतुकाचे पाट वाहिले! तंत्रज्ञांचे अभिनंदन झाले, आणि ते योग्यच होते. पण हा चित्रपट रंगीत करून एका माणसाने 44 वर्षांपूर्वीच मुंबईच्या रस्त्यावर उभा केला होता, आणि त्याचे नाव कांबळे होते, एवढे म्हणायला कितीजणांना सुचले? गंमत पुढेच आहे. सरकारी कचेऱ्यांतून शिवछत्रपतींचे जे अधिकृत चित्र आपण पाहतो, तेही याच कांबळ्यांच्या हातचे. रोज ज्याच्यापुढे आपण नमस्कार करतो त्या चित्राचा चित्रकार आपल्याला ठाऊक नसतो. सलीम-अनारकलीच्या बाबतीत तो ठाऊक असावा अशी अपेक्षा मी करतो म्हणजे माझेच चुकते की काय, असे क्षणभर वाटते.

पण कांबळे, गुलबर्ग्याहून येऊन मुंबई गाजवणारे एस. एम. पंडित, 'दीवार'च्या (1975) काळात पोस्टराची सारी घडणच बदलून टाकणारे दिवाकर करकरे, यांची नावे शोधली तर निदान सापडतात. तरुणपणी मुंबईत सिनेमाची बॅनरे रंगवणाऱ्या एम. एफ. हुसेन यांच्याविषयी तर बोलायलाच नको. त्यांची बॅनरे गेली, पण ती रंगवली होती ही गोष्ट अजरामर झाली. माझा जीव तुटतो तो गावोगावच्या टॉकीजच्या पेंटरसाठी. मुंबईहून छापील पोस्टरे येत, पण टॉकीजच्या कपाळावरचे मोठे बॅनर त्या त्या भागातच रंगे.

उल्हासनगरात हे काम काय होते याचा विचार करावा. युद्धकाळातली लष्करी छावणी. तिच्या बराकींत सिंधमधून घरदार सोडून आलेली माणसे भरलेली. 8 ऑगस्ट 1949 रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते गावाला नाव मिळाले, पण लोकांच्या तोंडी अजून 'कॅम्प एक, कॅम्प पाच'च. सगळीकडे एकसारख्या राखी भिंती. अशा ठिकाणी टॉकीजवर दर शुक्रवारी लागणारे वीस-तीस फुटी रंगीत चित्र हे त्या वस्तीतले एकमेव मोठे चित्र होते. त्यासाठी तिकीट लागत नसे. रिक्षावाले आजही 'व्हीनस चौक', 'श्रीराम चौक' म्हणूनच हाका मारतात. टॉकीजची नावे रस्त्यांना चिकटून राहिली. त्या टॉकीजवर आठवड्यामागून आठवडे ज्यांनी माणसे रंगवली त्यांचे नाव एखाद्या गल्लीच्या बोळालाही नाही.

अशा एका म्हाताऱ्या पेंटरशी माझी ओळख झाली, कॅम्प चारमध्ये, एका साइनबोर्डाच्या दुकानाच्या मागच्या खोलीत. मी त्यांना दादा म्हणत असे. सिंधी मंडळीत वडीलधाऱ्याला तसेच म्हणतात. त्यांनी बॅनरची सारी कृती मला सांगितली. लाकडी चौकटीवर जाड कापड ताणायचे, सरस आणि सफेदा यांचा हात द्यायचा, वाळले की सुतळीला रंग लावून चौकटी उठवायच्या, कोळशाने चेहरा बांधायचा आणि मग रंग. डोळे सर्वांत शेवटी. मी विचारले, "दादा, तुम्ही सही कोठे करत होता?" ते हसले. म्हणाले, "साईं, सही किसलिए? पुढच्या शुक्रवारी मलाच त्याच्यावर सफेदा मारायचा असायचा." कापड महाग, बॅनर रंगवणाराच आपले बॅनर पुसणार. किती चेहरे एका कापडाखाली दडले असतील? मग फ्लेक्स आला आणि ते कापडही संपले.

आता त्याच उल्हासनगरात जुन्या पोस्टरांच्या नव्या प्रती छापून मिळतात. उपाहारगृहांना त्या फार लागतात. चहा महाग करायचा तर भिंतीवर राज कपूर हवा. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद शिळा झाला आहे, आणि हाताला काम शोधणाऱ्या निर्वासितांना हसण्याची मला हौसही नाही. प्रती काढाव्या, प्रतींमुळेच तर रविवर्मा घराघरांत गेला. पण एका दुकानात मी पाहिले की, घड्यांच्या खुणा, पाण्याचे डाग, कडेची वाळवी, सारे यंत्राने हुबेहूब उतरवले होते, आणि खालचा उजवा कोपरा, जेथे चित्रकाराची सही असते, तेथे दुकानाचा टेलिफोन नंबर! वाळवीची नक्कल करायला जागा आहे, नावाला नाही. मालकांना म्हटले, तर ते म्हणाले, "साहेब, गिऱ्हाईक मागत नाही." हे उत्तर मला निरुत्तर करून गेले, कारण ते खरे आहे. गिऱ्हाईक म्हणजे आम्ही.

म्हणून हा राग दुकानदारावर नाही, टॉकीजच्या मालकावर नाही, सरकारवर तर नाहीच. सरकारने 1964 साली पुण्यात चित्रपटांचे संग्रहालय काढले, त्यात पोस्टरेही जपली. त्याआधी पुष्कळ जळाले होते, फिल्ममधल्या चांदीसाठी पुष्कळ वितळवले गेले होते. 'आलम आरा'ची एकही प्रत उरली नाही. ते दुःख आता कोणाच्या हातातले नाही. पण नाव विचारायला संग्रहालय लागत नाही, तोंड लागते.

अंबरनाथच्या शिवालयाचा दाखला कोणी मला देतात. शके 982 मधला, म्हणजे 1060 सालचा शिलालेख. त्यात शिलाहार राजा माम्वाणीचे नाव आहे. पण त्या भिंतींवर देवदेवता घडवणारे हात कोणाचे, हे कोणाला सांगता येते? तरी मंदिर उभे आहे ना? कलावंताने अनाम राहावे हीच आपली परंपरा! मला हा युक्तिवाद ऐकला की संताप येतो. पहिली गोष्ट, दगड टिकला, दादांचे बॅनर टिकले नाही. ज्याची कलाकृती उरली त्याला नाव नसले तरी चालेल कदाचित, ज्याची कलाकृतीही पुसली गेली त्याच्याजवळ नावाखेरीज उरले काय? आणि दुसरी गोष्ट, ही परंपरा नटाला का लागू नाही? नायकाचे नाव श्रेयनामावलीत दोन सेकंद उशिरा आले तर खटले होतात. अनामिकतेचा हा थोर वारसा नेमका रोजंदारीवर काम करणाऱ्याच्याच वाट्याला कसा येतो?

शिवाय ही परंपरा मराठी वाचकाने तरी सांगू नये. दिवाळी अंक हातात पडला की आपण आधी काय पाहत आलो? मुखपृष्ठ, आणि त्याच्या कोपऱ्यातली सही. दलालांची बाई की मुळगावकरांची, हे दहा पावलांवरून ओळखणारे लोक आपण. दीनानाथ दलालांनी तर स्वतःचा 'दीपावली' अंकच काढला. त्यांची चित्रेही बाजारासाठीच होती, अंक खपावा म्हणूनच होती. म्हणून कोणी त्यांना जाहिरातवाले म्हणून बाजूला सारले नाही. मग तीच नजर अंक मिटल्यावर कोठे जाते?

माझ्या मागण्या थोड्या आहेत. ज्यांच्या घरी पोस्टर आहे त्यांनी चौकट उलटून चित्रकाराचे नाव मागे लिहावे. सही वाचता येत नसेल तर छापखान्याचे तरी. प्रत विकत घेताना कोपरा मागावा, आणि तो नसेल तर पैसे देऊ नयेत. अंबरनाथच्या मंदिराच्या परिसरात अलीकडे कलामहोत्सव भरले. तेथे पुढच्या खेपेला एक मोकळा मांडव, एक तीस फुटी कापड आणि हयात असलेल्या दोन पेंटरांची रोजी एवढे द्यावे. लोकांनी उभे राहून पाहावे डोळे शेवटी कसे काढतात ते.

मी स्वतः एक वही घातली आहे. विठ्ठलवाडी ते बदलापूर या टापूतली अकरा नावे तीत आतापर्यंत चढली. त्यांतल्या तिघांची नुसती टोपणनावेच मिळाली आहेत आणि एकाचे नाव दोघेजण दोन प्रकारे सांगतात. दादा त्यांतले पहिले. आपल्याबरोबर चौकटी बांधणारा सुतार शहाडच्या बाजूला अजून आहे आणि त्याला माझ्यापेक्षा जास्त नावे आठवतील, असे त्यांनीच सांगितले. भाऊबीज आटोपली की पहिल्या रविवारी मी तिकडे जाणार आहे.