आधी वस्तीला विचारा

विमानतळ वाढला म्हणजे सर्वांचेच भले झाले, असे आम्ही मानत नाही. अमेरिकेतील बॉस्टन बंदराकाठची ईस्ट बॉस्टन ही श्रमिकांची वस्ती पाहा. लोगन विमानतळाच्या विस्तारात १९६० च्या दशकात तिचे वूड आयलंड उद्यान नामशेष झाले. १९६८ मध्ये मॅव्हरिक स्ट्रीटवरील माता बाबागाड्यांसह भरावाच्या मालमोटारींपुढे उभ्या ठाकल्या. १९७० च्या दशकात न्यायालयाने नवी धावपट्टी रोखली. पण तीही २००६ मध्ये सुरू झालीच! वस्तीला मिळाली ती मुदत, हक्क नव्हे. कायदा घराची किंमत ठरवतो. मोडलेल्या शेजाराची, हरवलेल्या सावलीची भरपाई कोण देणार? म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे: आधी वस्तीला विचारा, मग नकाशे आखा.