स्लॅब भरण्याआधीचे मॉडेल

सेल्स ऑफिसातल्या मोठ्या स्क्रीनवर हल्ली इमारत गरगर फिरते. बोट लावले की छप्पर उचलले जाते, भिंत विरघळते, आतला सोफा दिसतो. ग्राहक खूश! भिंतीच्या आत आणि स्लॅबच्या पोटात काय आहे हे दाखवणारे मॉडेल मात्र बहुतेक वेळा सल्लागाराच्या संगणकातच राहते. साइटवर पोहोचते ती त्याची घड्या पडलेली प्रिंट.

तंत्र आता नवे नाही. नागपूर मेट्रोने त्रिमितीय मॉडेलला वेळापत्रक आणि खर्च जोडून 'फाइव्ह-डी बिम' (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग) वापरले, त्यालाही बरीच वर्षे झाली. आयएफसी या खुल्या स्वरूपातले मॉडेल साध्या ब्राउझरमध्ये उघडते. मग ते फिटरपर्यंत का पोहोचू नये?

बीम-कॉलमचा जोड घ्या. कागदावर तो एक चौकोन आणि काही ठिपके. मॉडेल फिरवले की दोन्ही दिशांनी येणाऱ्या बीमच्या 25 मिमीच्या सळ्या, कॉलमच्या उभ्या सळ्या आणि रिंगा यांची दाटी दिसते. व्हायब्रेटरची 40 मिमीची सुई यात शिरणार कुठून, हा प्रश्न मग स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी पडत नाही, सळ्या कापण्याआधीच पडतो. भूकंपात टिकणाऱ्या बांधणीच्या आयएस 13920 या मानकाच्या 2016 च्या आवृत्तीनुसार रिंगेचा हूक 135 अंशांत वळवून गाभ्यात शिरवायचा, पुढचे टोक रिंगेच्या व्यासाच्या सहापट आणि किमान 65 मिमी ठेवायचे. साइटवर तो सर्रास 90 अंशांवर थांबतो, कारण तसा वाकवणे सोपे आणि तपासणारा घाईत. 'फिटरला समजत नाही' ही आपली आवडती सबब. भूकंपात कव्हर गळते, 90 अंशांचा हूक उघडतो, उभ्या सळ्या बाहेर फुगतात. हा क्रम मोबाइलवर सावकाश चालवून दाखवा, त्या जादा वळणाचे कारण त्याला आपल्याइतकेच कळेल.

मात्र मॉडेलमध्ये असते ते ठरलेले. झाले काय, ते साइटवर पाहावे लागते. स्लॅब भरल्यावर लेसर स्कॅन करून घेऊ, असे म्हणणाऱ्यांनी पॅरिसचे नोत्र दाम आठवावे. कलेतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी 2010 मध्ये त्या कॅथेड्रलचे लेसर स्कॅन केले होते. बिंदू एक अब्जाहून अधिक. 15 एप्रिल 2019 च्या आगीनंतर ते मोलाचे ठरले. पण दगड एकमेकांना जखडणाऱ्या बाराव्या शतकातल्या लोखंडी क्लॅम्पचा विस्तार किती मोठा आहे, हे उमगले आगीनंतर, चिरे उघडे पडल्यावर आणि डागडुजी सुरू झाल्यावर. लेसरला पृष्ठभाग दिसतो, पोट दिसत नाही.

आपल्याकडे पोट पाहण्याची संधी असते ती सळ्या बांधून झाल्यावर, काँक्रीट येईपर्यंत. तेवढ्या वेळात फोटो किंवा स्कॅन घेऊन तो मॉडेलमधल्या त्याच बीमला जोडला, ऐनवेळी हललेले कंड्यूट आणि स्लीव्ह नोंदवले, तर उद्या एसीवाला कोअर कटिंगला येईल तेव्हा सोसायटीकडे दाखवायला काहीतरी असेल. आज 30 वर्षांवरच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट करणारा इंजिनिअर कव्हर मीटर फिरवून सळ्या शोधतो, कारण मूळ ड्रॉइंगच मिळत नाहीत. मिळाली तरी तशीच बांधणी झाली याची खात्री कोण देणार?

खर्च कोणी करायचा, यावर बिल्डर आणि सल्लागार एकमेकांकडे बोट दाखवतात. आमच्या मते ही नोंद कंत्राटातच हवी, बीबीएसच्या (सळ्या कापण्या-वाकवण्याच्या तक्त्याच्या) शेजारी स्वतंत्र बाब म्हणून, दरासकट. त्या मजल्याचा डेटा मॉडेलवर चढल्याशिवाय त्याचे रनिंग बिल पास करू नये. आणि ताबा देताना सोसायटीच्या हाती चाव्यांबरोबर खुल्या स्वरूपातली फाइल द्यावी, एखाद्या कंपनीच्या सॉफ्टवेअरचे वर्गणी संपली की बंद पडणारे खाते नव्हे.