पाहुण्यांचें मनोरंजन कीं बोळवण?

लग्नास आलेल्या पाहुण्यांची करमणूक करणें हें यजमानाचें कर्तव्य आहे, आणि तें पार पाडण्याचें उत्तम साधन म्हणजे फोटो बूथ, असा समज आमच्या सुशिक्षित मंडळींत हल्लीं दृढ होत चालला आहे. लग्नाची तारीख ठरते न ठरते तोंच या यंत्राचें ताशीं भाडें विचारलें जातें. आमच्या मतें या समजाच्या मुळाशींच एक चूक आहे. ती दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

मागील हिवाळ्यांत एका माजी विद्यार्थ्याच्या विवाहानिमित्त नेरे येथें जाण्याचा योग आला. पनवेलहून माथेरानच्या डोंगरांकडे निघालें म्हणजे वाटेंत हें गांव लागतें. एका मोकळ्या हिरवळीवर स्वागतसमारंभ होता. एका बाजूस व्यासपीठावर वधूवरें उभीं होतीं. दुसऱ्या बाजूस कागदी फुलांचा पडदा, त्यासमोर वाटोळा दिवा आणि कॅमेरा. शेजारच्या टेबलावर पुठ्ठ्याच्या मिशा, भलेमोठे चष्मे, टोप्या आणि विनोदी वाक्यांच्या पाट्या. पाहुण्यानें मिशी लावावी, पाटी धरावी, हसावें, कीं थोड्याच वेळांत छापील फोटो हातीं येतो. वधूवरांपुढील रांगेपेक्षां ही रांग लांब होती.

त्या रांगेंत वराच्या आजीसहि कोणीं आणून उभें केलें. या आजी एके काळीं पंचक्रोशींत धवलारीण म्हणून नांवाजलेल्या. त्यांच्या डोळ्यांवर गुलाबी चष्मा चढविला, हातांत पाटी दिली. भोवतालचीं माणसें हसलीं, आजीहि हसल्या. मग फोटो पिशवींत घालून त्या आमच्यापाशीं येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, जेवलांत का?" त्या सायंकाळीं हा प्रश्न आम्हांस दुसऱ्या कोणींहि विचारला नव्हता.

आगरी समाजाच्या परंपरेंत धवलारीण म्हणजे केवळ गाणारी बाई नव्हे. लग्नाचे विधि तिच्या धवल्यांच्या आधारानें चालत. हा धवला फार जुना. तेराव्या शतकांत महानुभाव पंथांतील महदंबेनें ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंच्या सान्निध्यांत धवळे गायिले, आणि मराठींतील आद्य कवयित्री हा मान आज तिजला दिला जातो. आमच्या भाषेंतील पहिली ज्ञात कवयित्री लग्नगीत घेऊनच पुढें आली, ही गोष्ट आम्ही महाविद्यालयांत परीक्षेपुरती शिकवितों. त्याच परंपरेची एक वारस त्या रात्रीं हिरवळीवर हजर होती. तिला गावयास कोणीं सांगितलें नाहीं. पाटी मात्र धरावयास सांगितली.

यंत्रावर आमचा राग नाहीं. सैबेरियांत जन्मलेल्या अनातोल जोसेफो यानें १९२५ सालीं न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आपलें फोटोमॅटन मांडलें, तेव्हां २५ सेंटांत आठ छायाचित्रें मिळत. पहिल्या सहा महिन्यांत सुमारें २,८०,००० लोकांनीं त्याचा लाभ घेतला. ज्यांस छायाचित्रकाराकडे जाणें परवडत नसे, त्यांसहि आपला चेहरा कागदावर पाहावयास मिळाला, हें त्या यंत्राचें पुण्य. परंतु आज बहुतेकांच्या खिशांत कॅमेरा आहे. तें पुण्य सरलें. उरलें तें केवळ सोंग.

कोणी म्हणेल, जुन्या लग्नांत तरी काय सुख होतें? मानपान, रुसवेफुगवे, वधूपित्याची ओढाताण! हें सर्व खरें, आणि तें परत यावें असें आम्हीहि म्हणणार नाहीं. परंतु त्या दोषांवरील उपाय पूर्वींच दाखविला गेला आहे. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजानें डिसेंबर १८७३ मध्यें पहिला विवाह लाविला, त्यांत भटजी नव्हता आणि अवास्तव खर्चहि नव्हता. जमलेल्या मंडळींसमोर वधूवरांनीं घेतलेली शपथ मात्र होती. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानें मंत्र, होम, वाजंत्री यांपैकीं कशाचीच सक्ति केली नाहीं. मात्र तीन साक्षीदार आवश्यक ठरविले. सर्व कांहीं गाळून टाकल्यावरहि शेवटीं जें उरतें, तें पाहुण्याचें साक्षित्व होय. आमचा मुख्य आक्षेप आहे तो येथें. साक्षीदाराची कोणी करमणूक करीत नसतो. अक्षता टाकणारा, उखाण्याचा आग्रह धरणारा, पंगतींत श्लोक म्हणणारा पाहुणा त्या कार्याचा भागीदार असे. रांगेंत उभा केलेला पाहुणा गिऱ्हाईक होतो.

दुसरा युक्तिवाद असा कीं, अनोळखी पाहुणे या निमित्तानें एकत्र येतात. आम्हीं पाहिलें तें याच्या उलट. जे एका मोटारींतून आले, तेच एका चौकटींत उभे राहिले आणि त्याच मोटारींतून परत गेले. अनोळखी माणसांची गांठ घालून देणें हें यजमानाचें काम. तें टाळण्यासाठीं त्यानें यंत्र भाड्यानें आणलें, आणि प्रत्येक पाहुण्याच्या हातीं त्याचाच चेहरा देऊन त्याची बोळवण केली.

तेव्हां ज्यांच्या घरीं यंदा कार्य आहे त्यांस आमचें सांगणें इतकेंच. मुलें मिशा लावून खेळतील तर खुशाल खेळोत; परंतु दारांत घरचीं दोन माणसें उभीं करा, पाहुण्यांची एकमेकांस ओळख करून द्या, आणि कोण जेवलें, कोण राहिलें, हें स्वतः फिरून पाहा. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या धाकट्या बहिणीचें लग्न पुढील वर्षीं व्हावयाचें आहे. आजींचें वय आतां ऐंशींच्या पुढें आहे. त्या वेळीं त्यांच्या हातीं पाटी न देतां प्रथम त्यांस गावयास सांगावें, आणि भोवतालच्या मुलींनीं तें शिकून घ्यावें, अशी आमची त्यास आग्रहाची विनंति आहे.